चार टाक्यांचा साडू

२ मार्च १९९८, सोमवार
टाके निघाले तरी सरळ उभं राहता येत नाही. छातीखालून बेंबीला वळसा घालून पार खालपर्यंत चिरलंय. गाठ काढली, आतड्याचा तुकडा काढला, उरलेली टोकं जोडली. खोकला आला की उशी पोटाशी दाबायची. हसायचं नाही. शोभा म्हणाली, "तुम्ही एरवी तरी कुठे हसता?" हसू आलं. दुखलं.

५ मार्च
विलासलाही तेच निघालं. शोभाच्या धाकट्या बहिणीचा, मंगलचा नवरा, आमचा एकुलता एक साडू. भाईंदरला फ्लॅट घेतला माझ्यामागून, मंडळात आला माझ्यामागून, आता आजारपणही माझ्यामागून. मंगल फोनवर रडत होती. मलाही वाईट वाटलं, खरंच. जेसल पार्कला त्याच्या घरी जाऊन धीर द्यावा म्हटलं, पण जिना उतरवत नाही.

१२ मार्च
विलासचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून. त्याच्या कंपनीने मुंबईत बड्या हॉस्पिटलात सोय केली. टिकलीएवढी भोकं पाडून नळ्या घातल्या, आणि त्यातलंच एक जरासं वाढवून तुकडा बाहेर काढला म्हणे. बाहेरून चार टाके. माझ्या पोटावर रेल्वेचे रूळ.

१३ मार्च
शोभाने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "वारा सरला का?" सरला. दुसऱ्याच दिवशी. माझ्या वेळी आख्खा वॉर्ड वाट बघत होता, झाडूवाली मावशीसुद्धा जाता-येता विचारायची. शोभा माझ्याकडे वळून म्हणाली, "सरला हो त्याचा." जसा काही दहावीला बोर्डात आला.

१९ मार्च
शोभा जेसल पार्कला जाऊन आली. तोंड भरून कौतुक. दार त्यानेच उघडलं, चहा बसून प्यायला. "पोट दाखवलं त्याने. काही म्हणता काही दिसत नाही."
मी म्हटलं, "मग डॉक्टरांनी कापलं तरी का?"
भांडी आदळत आत गेली. मऊ भात मात्र वेळेवर आला.

२३ मार्च
हॉस्पिटलात तपासणी. डॉक्टरांना विचारलं, माझंही दुर्बिणीतून झालं असतं का? म्हणाले, "आपल्याकडे अजून ती सोय नाही. आणि आतलं काम तेच असतं हो, काका." लगेच पुढच्या पेशंटचा कागद उघडला. आतलं काम तेच. बाहेरचं कोण भोगतंय?

२९ मार्च, रविवार
मंडळाचे सेक्रेटरी मोहिते आले. संत्री घेऊन आले तेव्हाच शंका आली.
"जयभीम दादा. तब्येत सांभाळा. जयंतीची वंदना यंदा विलासला घेऊ दे. तुमचा आवाज मागेपर्यंत पोचायचा नाय."
"विलासचंही ऑपरेशन झालंय."
"त्याचं काय, दुर्बिणीचं. तो तर ऑफिसला पण जातोय."
पत्र्याच्या शेडमध्ये मंडळ भरायचं तेव्हापासून जयंतीची वंदना मी घेतो. मी एक ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी. आवाज वडिलांचा. गावच्या विहारात ते म्हणायचे. पगारात विलास पुढे, घरात पुढे, बायकोच्या बोलण्यातही पुढे. ही एवढी एक जागा माझी होती. ती त्याला देताना मोहित्यांनी मला संत्री दिली.

१ एप्रिल
बाथरूमचं दार लावून म्हणून पाहिलं. पहिली ओळ बरी. दुसरीच्या मध्यात श्वास संपला, कळ आली. विलास पोटाला पट्टा बांधत नाही म्हणून मीही सोडून ठेवला. थोड्या वेळाने गुपचूप परत बांधला. शोभाने पाहिलं असावं.

५ एप्रिल, रविवार
विलास आला. जिना चढून आल्यावर भिंतीला हात लावून उभा. मला वाटलं, मंडळात काय काय म्हणायचं ते विचारायला आलाय. मी तोंड वाकडं करूनच बसलो होतो. शोभा दुकानात गेल्यावर खुर्चीत वाकला आणि म्हणाला, "दादा, मला जमत नाय."
काय जमत नाही?
"काहीच. कुशीवर वळता येत नाय. खाल्लं की पोटात पीळ पडतो. सांगायला गेलो की शर्ट वर करायला लावतात. बघतात आणि म्हणतात, बस, एवढंच? साहेबाने बोलावून घेतलं. टँकर आला की मंगल हंडा हातात देते. तिची चूक नाय, तिलाही वाटतं मी बरा झालो."
मग माझ्या पट्ट्याकडे बघत म्हणाला, "तुला बघितलं की माणसं उठून खुर्ची देतात. हेवा वाटतो रे मला तुझा."
लिहून ठेवतो, आधी बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्याचे डोळे भरले तेव्हा लाज वाटली, पण बरं वाटणं काही गेलं नाही.
जाताना म्हणाला, "मोहित्यांना तू सांग, मला वंदना झेपणार नाय. मी सांगितलं तर नाटक म्हणतील."
सांगतो म्हटलं.

८ एप्रिल
मोहित्यांना सांगितलं नाही. विलासला झेपणार नाही म्हटलं तर ते माझ्याकडे बघतील, मग टेपरेकॉर्डर काढतील. कुणाची तरी कॅसेट लावतील. निदान विलास नात्यातला तरी आहे. हे कारण खरं की उगीच, कोण जाणे. तो तिकडे हंडे उचलतोय आणि मी इथे तोंड मिटून बसलोय.

१० एप्रिल
शोभाला सांगून टाकलं. तिने आधी मला घेतलं फैलावर, मग फोन. "मंगल, आत दोघांचं सारखंच कापलंय. ह्यांना मी पाण्याचा तांब्या उचलू देत नाही आणि तू त्याला हंडे देतेस?" पलीकडे मंगल हमसून रडली. संध्याकाळी विलासला घेऊन आली. साहेबाला तीच फोन करणार. थोडे दिवस दोघं इथेच राहतील.

१२ एप्रिल, रविवार
मोहित्यांना बोलावून सगळं सांगितलं. वंदना मी घेतो म्हटलं.
"जमेल?"
"जमेल."
"बघा हं. नायतर कॅसेट आहेच."
विलास आतून म्हणाला, "कॅसेट नको, मोहितेकाका. दादाच घेईल."
हवं ते मिळालं. आनंद व्हायला हवा होता.

१३ एप्रिल, सोमवार
माझ्या पलंगावर विलास. माझी उशी त्याच्या पोटाशी. मंगल उशाशी बसून. शोभाने मऊ भातावर तूप घातलं ते त्याच्या. मी ताटाची वाट बघत होतो तर म्हणाली, "उद्या वंदना घेणार ना? मग बरे झालात. घ्या हाताने." घेतलं. चार टाक्यांचा माणूस, आख्खं घर त्याच्याभोवती. जळफळाट झाला. या वयात.
संध्याकाळी बाल्कनीत बसून म्हणून पाहिलं. पहिली ओळ चांगली गेली, दुसरीही. तिसरीत श्वास तुटला. थांबलो. पोट धरून बसलो होतो तर आतून विलासचा आवाज, पडल्या पडल्या, त्याच पट्टीत. त्याने ती ओळ पुरी केली. राग आला. इतका गोड आवाज आजाऱ्याला शोभतो का? पण पुढच्या ओळीत त्याचाही श्वास अडकला आणि माझ्या तोंडून ती आपोआप सुरू झाली. अशी शेवटपर्यंत झाली. शोभा आणि मंगल दारात उभ्या.
उद्या त्याला शेजारी बसवलं तर वंदना पुरी होईल. माझी एकट्याची होणार नाही. त्याला विचारलं तर लगेच हो म्हणेल. आत जाऊन विचारायचं एवढंच आहे. मघापासून इथेच बसलोय.