शाळा कशानं सुटली

४ जून
लेकानं फोनला शिकवलंय – मी बोलायचं, फोननं लिहायचं. मला आता अक्षर दिसत नाही, म्हणजे माझी गुपितं माझ्यापासूनसुद्धा सुखरूप!

तिसरा मजला, गुडघे संपावर. खाली कधी उतरले होते तेही आठवत नाही. आज सरकारी आरोग्य-पाहणीवाली पोरगी वर चढून आली. "आजी, पहिली पाळी कितव्या वर्षी?" म्हटलं, दहाव्या. ती आली नि शाळा सुटली. "नक्की?" – अगं, ज्या दिवशी दाराला कडी लागली तो दिवस बाई विसरेल होय!

नात शेजारीच होती. तिला हे तोंडपाठ आहे. अंगाईसारखं ऐकवलंय मी.

५ जून
सूनबाईच्या जिवाला घोर. "हिचं तेरावं सरत आलं, अजून काहीच नाही! डॉक्टरकडे नेते." नात न्हाणीघरात, आतून कडी लावून. मी म्हटलं, येईल गं, पाळीला काय वेळापत्रक असतं?

९ जून
थोरल्या बहिणीला फोनवर हे सांगितलं तर हसून हसून ठसकली. "दहाव्या? काहीतरीच तुझं! तेरा पूर्ण झाली होतीस. तुझ्या फ्रॉकवरचा डाग आपल्या धाकट्या भावानंच पाहिला. 'ताई, लागलं?' म्हणून भोकाड पसरलं. बोलायला लागला होता तो!"

"मग शाळा?"

"ती तो जन्मला तेव्हाच सुटली, तुझ्या दहाव्या वर्षी. आई अंथरुणाला खिळलेली, त्याला सांभाळणार कोण?"

१० जून
खरंच रडला होता तो. शाळा सुटलेली नि पाळी आलेली, दोन्ही आठवतंय – नि दोन्ही मी एकत्र शिवून टाकलेलं.

१२ जून
जन्मभर ह्या अंगाला शिव्या घातल्या. बिचाऱ्यानं काहीच केलं नव्हतं! आता रागवू कुणावर? तान्ह्या पोरावर? म्हातारा झाला तरी रोज विचारतो, "ताई, जेवलीस का?"

आता दार सताड उघडं आहे. बाहेर पडायला पाय कुठे आहेत!

पाहणीवाली उद्या परत येणार. तोच प्रश्न पुन्हा – उत्तर जुळतं का बघायला. सूनबाई म्हणते, "मागचंच सांगा, उगाच घोळ नको."

१३ जून
घोळ घातला! म्हटलं, तेराव्या. शाळा आधीच सुटली होती, पाळीचा काही संबंध नाही. नातीनं एकदम मान वर केली. "संबंध नाही?" "नाही गं." पांढरीफटक पडली पोरगी. जेवलीही नाही.

१४ जून
नात कुशीत शिरून पुटपुटली, "आजी, मला गेल्या थंडीपासूनच पाळी येतेय. शाळा सुटेल म्हणून सांगितलं नाही."