चुन्नीलाल टेलरचा स्विमिंग कॉस्च्यूम

फुलचूर, २ ऑगस्ट २०२४

ती. नीलाआत्यास खुशबूचा सविनय जयभीम.

तू पोस्टातून रिटायर झालीस, तरी मागणं मांडायचं ते कागदावरच, फोनवर नाही, हा तुझा नियम मी पाळते आहे. जिल्ह्याच्या शालेय पोहण्याच्या स्पर्धेत माझं नाव गेलं आहे. सगळं ठीक होतं, पण सरांनी कॉस्च्यूमचा फोटो बाबांच्या मोबाईलवर पाठवला आणि बाबांचा चहा थंड झाला. म्हणाले, एवढ्या कापडात तर माझा डबाही बांधून होत नाही. आई म्हणाली, पोरगी पोहायला जाऊन राहिली, लग्नाला नाही. तेव्हापासून ते आईशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत मागतात.

आता त्यांनीच तोड काढली आहे. आपला चुन्नीलाल टेलर माझा कॉस्च्यूम शिवतो आहे. कापड छत्रीचं, म्हणजे अंगाला चिकटणार नाही. बाह्या मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत, आणि कापड वर सरकू नये म्हणून सगळीकडे घट्ट इलॅस्टिक. कमरेला झालर आहे, ती चुन्नीलालकाकांनी स्वतःच्या हौसेनं लावली. आत्या, बाबांनी ऐकलं तर तुझंच ऐकतील. काहीतरी लिही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
खुशबू

देवरी, ६ ऑगस्ट

चि. खुशबूस अ. उ. आ. व जयभीम.

झालरीपर्यंत वाचलं आणि चष्मा काढून हसत बसले. शेजारची रुख्माबाई विचारायला आली, की बाई, एकटीच काऊन हसून राहिली. तिलाही वाचून दाखवलं, मग दोघी हसलो.

तू तो कॉस्च्यूम मुकाट्यानं घाल आणि बाबाला काठावर उभा कर. माझ्या भावाला सांगून कळत नाही, दाखवावं लागतं. विंचू चावतो हेही त्यानं लहानपणी हात लावूनच पाहिलं होतं. आईला सांग, मिठाची बरणी बाबाच्या पुढ्यातच ठेव.

जीव लावणारी आत्या,
नीला

फुलचूर, ११ ऑगस्ट

ती. आत्यास जयभीम.

दाखवलं. मी उडी मारली आणि बुडालेच नाही. सगळी हवा आत अडकली. पाठ फुगली, बाह्या फुगल्या, झालर चहूकडे पसरली. हात मारला की मी जागच्या जागी गोल फिरायची. शेवटी सरांनी बांबूनं काठाशी ओढून घेतलं. शिडी चढताना गळ्यातून हवा निघाली, ती कशा आवाजानं ते मी लिहीत नाही. छोट्या बॅचची पोरं काठावर लोळत होती. चुन्नीलालकाका तेवढे गंभीर होते. ते म्हणाले, पण शिवण कुठं उसवली नाही.

बाबाही हसले नाहीत. घरी येऊन म्हणाले, हेही नको आणि तेही नको, पंधरा ऑगस्ट झाला की सरांना सांगून नावच काढतो. आत्या, मला रडू आलं. मला खरंच पोहायचं आहे गं.

तुझी,
खुशबू

देवरी, १४ ऑगस्ट

चि. शालिकरामास आशीर्वाद.

खुशबूचं पत्र वाचून पोट दुखेपर्यंत हसले, आणि शेवटी तुझा राग आला. पोरीला रडवलंस. इकडे धानाची रोवणी चालू आहे. बाया लुगडं मांड्यांपर्यंत खोचून चिखलात वाकल्या आहेत. आपली आई अशीच रोवणी करायची, मीही करायची, आणि तू बांधावर बसून भाकर खायचास. तेव्हा आईला कुणी नावं ठेवली नाहीत, कारण पदर सावरत चिखलात काम होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाण्याचंही तसंच आहे.

तू वाईट बाप नाहीस. नागऱ्याच्या तळ्यात तिला पाठीवर घेऊन तूच पोहायला शिकवलंस. आता लोक पाहतील म्हणून घाबरतोस. पाहू दे की, स्पर्धा पाहण्यासाठीच असते. नाव काढलंस तर मी पहिल्या बसनं येईन आणि तो छत्रीचा अंगरखा तुला घालून अख्ख्या फुलचुरात फिरवीन.

रागावलेली पण तुझीच,
नीलाताई

फुलचूर, २६ ऑगस्ट

ती. ताईस शालिकरामचा जयभीम.

बस पकडू नकोस, तुझं पत्र आलं म्हणून सरांकडे गेलो नाही. कॉस्च्यूम तिच्या आईनं आणला, मी दुकानाबाहेर उभा राहिलो.

काल स्पर्धा झाली. कोण पोरीकडे कसं पाहतो त्यावर नजर ठेवायची, असं ठरवून मी सगळ्यांच्या आधी काठाजवळची जागा धरली. पण ताई, सगळ्या पोरी सारख्याच. तोच काळा कॉस्च्यूम, तीच टोपी, तोच चष्मा. तिसऱ्या लेनमधली चालीवरून आपली वाटली. शिटी वाजल्यापासून मी तिच्या नावानं ओरडत सुटलो, हाण बेटा, मागं पाहू नको. ती सगळ्यांत शेवटी आली. माझे डोळे भरून आले. टॉवेल घेऊन धावलो आणि तिच्या खांद्यावर टाकला. तिनं टोपी काढली तर आमगावची कुणाची तरी पोर. थँक्यू काका म्हणाली. मागं वळलो तर आपली खुशबू ओलीचिंब, टॉवेलाशिवाय कुडकुडत उभी. ती पहिली आली होती.

जग पाहील म्हणून महिनाभर मी जळलो, आणि पोर जिंकताना मलाच दिसली नाही. फार चुटपुट लागली आहे, ताई.

पुढं नागपूरला विभागाची स्पर्धा आहे. खुशबू रागावली नाही. एवढंच म्हणाली, की बाबा, यावेळी मलाच पाहा. तू पण ये, दोघं मिळून शोधू.

तुझा रागही असाच राहो आणि मायाही.
शालिकराम