पोटातली दचक

४ नोव्हेंबर

या अल्लाह! बुलढाण्याच्या दवाखान्यात प्राची मॅडम म्हणाल्या, "पोटातल्या बाळांवर आमचा अभ्यास चालू आहे, भाग घ्याल?" मी हाव म्हटलं. मुठीएवढं यंत्र त्यांनी पोटावर टेकवलं, बटन दाबलं — घर्रर! अन् माह्यं लेकरू दचकलं! पडद्यावर त्याच्या काळजाचे ठोके पळत सुटले. कातडी, मांस, पाणी — एवढ्या आत बसलेल्या जिवाले कळलं!

माहा नवरा जावेद जन्माचा बहिरा. मले तो कशातच कमी वाटत नाही. पण लोक त्याले "ए मुक्या" म्हणतात. त्याले ऐकू जात नाही, मले जाते! लेकराचं तेच भेव आहे.

५ नोव्हेंबर

सासरे अख्ख्या देऊळघाट गावात पेढे वाटून आले. "पोट्टं ऐकते बे, मशिनीवर पाह्यलं!" अब्बांले कोण आवरणार?

११ नोव्हेंबर

मॅडम आज म्हणाल्या, "सलीमा, ते आवाज ऐकून दचकलं की थरथर अंगाला लागून, हे यावरून नाही सांगता येत." मग आधी काऊन नाही सांगितलं? लय राग आला.

घरी जावेदनं पोटावर गाल ठेवला. आतून अशी लाथ बसली की उडालाच! डोळे एवढाले! माह्या अंगात हे चालू आहे अन् मलेच खरं वाटत नाही.

२ डिसेंबर

मुलगी! अलीजा.

३ डिसेंबर

अब्बांनी रीतीप्रमाणं तिच्या कानात अजान दिली. ती हललीसुद्धा नाही. अब्बा म्हणे, "पाहा, किती अदबीनं ऐकते!"

२० डिसेंबर

जन्मल्यावर कान तपासले तवा नीट कळलं नव्हतं, आज दुसऱ्यांदा तपासलं. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. पुढं मोठी तपासणी आहे, उपाय आहेत म्हणे. असतील. जावेदले खुणेनं सांगितलं. तो भिंतीकडं तोंड करून बसला. मी मोठ्यानं रडली.

२१ डिसेंबर

अब्बांनी कुर्ता काढला. अलीजाले उघड्या छातीवर निजवलं अन् अजान दिली, भरदार आवाजात. पहिल्याच "अल्लाहु"ची थरथर लागली अन् तिनं डोळे उघडले! मूठ उघडली! जावेद धावत आला, तिच्या बाजूले आपलंही कपाळ बापाच्या छातीले लावलं. अब्बांचा आवाज तिथंच फुटला.

"जावेदले बी मी कानातच दिली होती, सलीमा."