मशीनला लावलेली हळद

गोरेगाव (नागपूरकडलं), ३ ऑक्टोबर २०१४
दसरा. विळा, कुदळ, मोटारसायकल — सगळ्यांची पूजा झाली. बायकोने, रुख्मिणीने, माझ्या कानाच्या मशीनलाही हळद-कुंकू लावलं. "काऊन?" म्हटलं. म्हणे, "याच्याच भरवशावर ऐकता ना तुम्ही." मशीन तसंच कानामागे लावलं.

५ ऑक्टोबर
बंगलोरहून जावयाचा, टिकेशचा फोन. रिंकीचा डेंगू बिघडला, आयसीयूत नेलं. "बाबूजी, विमानानं या."
याच लेकीने हट्ट धरून माझं कानाचं ऑपरेशन करवलं. डोक्यात एक तुकडा बसवला, कानामागे हे मशीन, तेव्हा कुठे तिचा आवाज परत ऐकला. जीव थाऱ्यावर नाही.

६ ऑक्टोबर, नागपूर विमानतळ
विमान गेलं. आम्ही इथंच.
तपासणीत मशीन काढायला लावलं. कानामागचा तुकडा काढला की मी ठार बहिरा. तरी जवानाच्या हातातलं धातू शोधायचं यंत्र डोक्याशी आलं की दिवा लागे. "आतला कसा काढू? डोकं काढून ट्रेमध्ये ठेवू का?" — निघून गेलं तोंडातून. मग मशीनच्या फटीत त्यांना पिवळी पूड दिसली. दसऱ्याची हळद! मशीनच घेऊन गेले तपासायला. सगळ्यांचे ओठ हलत होते, मला एक अक्षर कळेना. संताप, संताप.
तेवढ्यात टिकेशचा फोन. रुख्मिणी बायकांच्या रांगेतून नुकतीच सुटली होती, मशीन नेलेलं तिला ठाऊक नव्हतं. तिने घेतला अन् लगेच माझ्या कानाला लावला. तिच्या ओठांवर 'रिंकी' ओळखलं. मी ओरडलो, "काही ऐकू येऊन नाही राहिलं. ठेव फोन."
मशीन मिळालं. हळदच निघाली. आता संध्याकाळचं विमान.

७ ऑक्टोबर, बंगलोर
रिंकी गेली. आम्ही पोचायच्या आधीच.

२० ऑक्टोबर, गोरेगाव
तेरवी झाली तरी रुख्मिणी हळदीच्या डब्याला हात लावत नाही. भाजी पांढरीच. तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही. ऐकत नाही.
मला एकच डाचतं — पोरगी शेवटचं बोलली, अन् माझ्या कानात काही शिरलं नाही. काय म्हणाली असेल? आता मशीन लावूनच झोपतो.

२२ ऑक्टोबर
टिकेश आला. विचारलंच त्याला. म्हणे, "बाबूजी, तोंडात नळी होती तिच्या, बोलणार कशी? तुमचा आवाज ऐकायचा होता. खुणेनं फोन मागितला, मी कानाशी धरला."
ऐकला तिने. ठेव फोन, म्हटलं मी.