विहिणीच्या गावाची जागा

धुळे, २० नोव्हेंबर १९९१

चि. पंडितास,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, तुला आधी राग येईल आणि मग आनंद होईल अशी एक बातमी आहे. ती दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवलेली बरी.

तुळशीचं लग्न आटोपलं आणि दुकानाला एकदम जाग आली. बँडवाले, लाउडस्पीकरवाले, नवरदेवाचे मित्र, सगळे एकच विचारतात, नाचायला नवं काय आणलं. या वर्षात आपल्या ‘पांझरा कॅसेट’ने नऊ कॅसेटी काढल्या. त्यातल्या दोन-तीन चांगल्या आहेत, बाकीच्या चालतात, आणि एक कोणी परत आणली तर मी मुकाट्याने बदलून देतो. तुझी कॅसेट मात्र होळीपासून ‘होत आली’ आहे. कॅसेटच्या धंद्यात लग्नसराई गेली की माल गेला, हे तुला किती वेळा सांगायचं?

तर दिवाळीत तू आला होतास तेव्हा आपल्या पुष्पाअक्काच्या गाण्याची टेप तुझ्या पिशवीतून काढून मी तिची नक्कल करून घेतली. विहिणीचं गाणं पहिलं टाकलं, मागे आपली जुनी पाच जोडली आणि कॅसेट बाजारात आणली. कव्हरवर ठळक अक्षरात ‘गायिका : पुष्पाबाई, असोदा’ असं छापलं आहे. अमळनेरच्या अभिमन मास्तरांनी ऐकल्याबरोबर बँडसाठी दोन नेल्या. दुकानात उभ्याउभ्याच त्यांच्या पायाने ठेका धरला होता.

तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे. ती म्हणते, पंडितभाऊंना आता सूर सोडून मुलगी बघायला सांगा. तिथंही तू वर्षभर ‘होत आलं’ म्हणशील अशी मला धास्ती आहे.

रागावलास तरी दोन ओळी लिहायला चुकू नकोस.

तुझा,
भटूभाऊ


जळगाव, २७ नोव्हेंबर १९९१

ती. भाऊंस,

शि. सा. न. वि. वि. आपलं पत्र आणि कॅसेट दोन्ही मिळालं. रागाचं आपण आधीच लिहिलंत म्हणून तो परत लिहीत नाही. आनंदाची वाट बघतो आहे.

भाऊ, ती टेप सरावाची होती. दुसऱ्या कडव्यात ढोलकी किंचित मागे पडते. शेवटी अक्का श्वास घेते तोही ऐकू येतो. जिनिंगमधली कारकुनी संपवून मी रोज संध्याकाळी, बाहेरचा आवाज टेपवर येऊ नये म्हणून गोण्या आणि गाद्या लावलेल्या त्या खोलीत बसतो ते काय हौसेनं? बाहेरून ट्रक गेला की थांबायचं, कुत्रं भुंकलं की थांबायचं. गाणं एकदा कॅसेटमध्ये गेलं की ते हजार घरी जसंच्या तसं राहतं. आपण नऊ काढल्यात. त्यातली पुढच्या वर्षी कोणती वाजेल ते सांगा.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या शेजारच्या झुलालनानांच्या मुलीच्या लग्नात अक्काने हे गाणं म्हटलं, तेव्हा म्हाताऱ्यासुद्धा ओट्यावरून उतरून नाचल्या होत्या. म्हणून तर मी तिला खोलीत बसवून सांगितलं होतं की त्या दिवशी म्हटलंस अगदी तसंच म्हण. ते तसं उतरेपर्यंत मला थांबायचं होतं. असो.

एक चांगली बातमी आहे. अक्काच्या उज्ज्वलाला अमळनेरच्या लोकांनी पसंत केलं. मुलगा शिक्षक आहे, बोलायला शांत. त्याची आई सुमनबाई मात्र तोंडाने खमकी आहे, असं दाजी हसत सांगत होते. साखरपुडा पुढच्या महिन्यात करायचं ठरतंय. आपली भाची एवढी मोठी झाली यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

वहिनींना नमस्कार. माझ्या पिशवीला यापुढे कुलूप असेल.

आपला,
पंडित


असोदा, १२ डिसेंबर १९९१

चि. भटू यास अक्काचे आशीर्वाद.

तब्येती ठीक आहेत. केळीला यंदा घड चांगले लागले. बाकी काही ठीक नाही.

तुझ्या त्या कॅसेटीने माझ्या लेकीचा साखरपुडा थांबवला आहे. गाण्यात काय आहे ते तरी तू ऐकलंस का?

अमळनेरनी याहीन, लाडू खास दोन,
तिसरा बांधस पदरमा, तिले देखस कोन?

अमळनेरच्या चौकाचौकात बँडवर हे वाजतंय. नवरदेव कुठलाही असो, दोन लाडू खाऊन तिसरा पदरात चोरणारी विहीण अमळनेरचीच. त्यात कव्हरवर माझं नाव आणि असोदा. उज्ज्वलाची सोयरीक तिथे झाल्याचं गावाला कळलं, तशा बायका सुमनबाईंना पाणवठ्यावर विचारायला लागल्या की तुझ्या विहिणीने तुला आत्ताच लाडवावरून धरलं का? एकीने म्हणे त्यांचा पदर चाचपून पाहिला. सुमनबाईंनी निरोप धाडला की ज्या घरात लग्नाआधी आमचा असा मान होतो तिथं कुंकू लावायला आम्ही येणार नाही.

अरे, झुलालनानांच्या मांडवात मी ते म्हटलं तेव्हा नवरदेवाची आई अमळनेरची होती आणि ती माझ्यासमोर बसली होती. मी म्हटलं, ती हसली, तिने उलट माझ्यावर दोन ओळी म्हटल्या आणि मग आम्ही दोघी एका ताटात जेवलो. समोरच्या याहीनचं गाव घ्यायचं आणि तिने उलटून आपलं घ्यायचं, ही आपल्याकडची रीत शे. लग्न बदललं की गाव बदलतं. तुमच्या डबीत घातल्यावर ते बदलत नाही. आणि ज्या बाईला ते लागतं तिला उत्तरही देता येत नाही.

उज्ज्वलाने कॅसेट वाजवायचं यंत्र कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं आहे. ही सोयरीक मोडली तर मी तुम्हा दोघांपैकी कोणाला घरात घेईन ते मला आज सांगता येणार नाही. रागाने लिहिलं असलं तरी खरं लिहिलं आहे.

तुझी,
पुष्पाअक्का


धुळे, १७ डिसेंबर १९९१

चि. पंडितास,

आशीर्वाद. अक्काचं पत्र सोबत जोडलं आहे. वाचून तू जेवशील असं वाटत नाही. मी जेवलो नाही.

मी परवाच अमळनेरला जाऊन आलो. अभिमन मास्तरांनी दोन्ही कॅसेटी परत दिल्या. दुकानदारांकडून उरलेल्या गोळा केल्या. मग धीर करून सुमनबाईंच्या घरी गेलो. चहा मिळाला, त्यात साखरही होती. म्हणाल्या, गाणं वाईट नाही, आम्हीसुद्धा असली गाणी म्हणत आलो. पण भटूभाऊ, माझं नाव घ्यायचं होतं तर मी समोर असताना घ्यायचं. माझ्या पाठीमागे गावभर काय म्हणून? बाईंनी सोयरीक मोडली नाही आणि ठेवलीही नाही. मकरसंक्रांतीनंतर बघू म्हणाल्या.

आता माझा विचार ऐक. हेच गाणं परत काढू आणि गाव बदलू. जानेवारीत पारोळा, फेब्रुवारीत चोपडा, मग पिंपळनेर. दर महिन्याला एक. एकाच गावावर भार नको. बरोबर आहे का कळव. लगेच कळव, तुझ्या पद्धतीने नको.

भटूभाऊ


जळगाव, २ जानेवारी १९९२

ती. भाऊंस,

सा. न. वि. वि. आपला विचार वाचला. त्या हिशेबाने वैशाखातल्या आखाजीपर्यंत आपण सगळ्या खानदेशाशी भांडण करून मोकळे होऊ.

मला वाटलं, कोणाचंच नसेल असं गाव शोधावं. एसटीचं वेळापत्रक घेऊन बसलो. चालीत बसणारी चार-पाच गावं निघाली. एकात दाजींची मावशी, एकात वहिनींचं आजोळ. एकही गाव असं नाही की जिथं आपला सोयरा नाही. मग खोटं गाव रचायला बसलो. दोन आठवडे त्यातच गेले. जे जमलं ते म्हणून पाहिलं तर त्यावर हसू येईना. नसलेल्या विहिणीवर कोण नाचणार?

आणि भाऊ, लाज वाटते पण लिहितो. ही टेप मी शंभर वेळा तरी ऐकली असेल. ढोलकी कुठे मागे पडते ते झोपेत सांगेन. पण त्यात अमळनेर आहे हे माझ्या कानांनी घेतलंच नाही. उज्ज्वलाची सोयरीक मीच तुम्हाला कळवली, तीही ढोलकीची तक्रार केली त्याच पत्रात. आपण घाईत ऐकलं नाहीत आणि मी ऐकून ऐकून ऐकलं नाही.

अक्काला परत म्हणायला लावावं एवढंच आता उरलं आहे. तिला विचारायला मी घाबरतो. आपण मोठे आहात.

आपला,
पंडित


असोदा, ९ जानेवारी १९९२

चि. भटू व चि. पंडित यांस आशीर्वाद.

दोघांनी मिळून एकच पत्र धाडलंत, त्यावरूनच कळलं की दोघे घाबरलात. बरं वाटलं.

रविवारी या. मी म्हणेन, पण गावाचं नाव घेणार नाही. समोर विहीण नसताना कोणाचं नाव घेऊ? तिथं मी थांबेन. पुढचं काय करायचं ते तुम्ही बघा. येताना धुळ्याचं शेंगदाणा तेल आणा, आणि पंडित, तू पोट भरून जेवायचंस. मागल्या वेळी तुझ्या बरगड्या दाजींनी लांबून मोजल्या.

अक्का


जळगाव, २१ जानेवारी १९९२

ती. भाऊंस,

सा. न. वि. वि. असोद्याहून परत आल्यापासून रोज टेप ऐकतो आहे. आपण विचारलंत, झालं का? त्याचं उत्तर हे.

अक्का थांबते आणि ऐकणाऱ्यांनी आपापल्या विहिणीचं गाव म्हणायचं, तिथं त्या रविवारी सगळंच थांबलं, ढोलकीसुद्धा. घरात बरं वाटलं होतं. पण परवा गल्लीतल्या एका बारशात मी ते वाजवून पाहिलं. नाचणाऱ्या पोरी थबकल्या आणि एकजण धावत कॅसेट काढायला गेला. त्याला वाटलं, यंत्राने टेप खाल्ली. म्हणून तिथं ढोलकी चालू ठेवली. मग जागा एवढी लहान झाली की ‘असोदा’ बसतं आणि ‘पिंपळनेर’ म्हणणाऱ्याचं अर्धं गाव बाहेर राहतं. जागा वाढवली तर लहान नावाच्या गावातल्या लोकांचे हात हवेत तसेच राहतात.

भाऊ, आजवर मी जागा भरायला जीव टाकला. जागा मोकळी ठेवायलाही तेवढाच लागतो, हे आता कळलं. मला दहा दिवस द्या. होळीसारखे दहा दिवस नाहीत, खरे दहा. ढोलकीवर एक टाळी घालून बघतो, म्हणजे नाचणाऱ्यांना कळेल की आता आपली पाळी. श्वास ऐकू येतो तो राहू दे. तो आला की लोकांना समजतं, आता बाई थांबणार.

मागण्यासारखं एवढंच.

पंडित


धुळे, २५ जानेवारी १९९२

चि. पंडितास,

आशीर्वाद. कव्हरं छापून दुकानात पडली आहेत. माघातली पहिली लग्नं तोंडावर आली आहेत. गिऱ्हाईक दारातून परत जातंय. एवढं सगळं बघून मी तुला दहा दिवस देतो. तुझी वहिनी माझ्या कपाळाला हात लावून बघते आहे.

पण एक ठरवून टाकू. ज्या गाण्यात माणसांची नावंगावं आहेत, ते तू हो म्हटल्याशिवाय बाहेर जाणार नाही. बाकीची ठरल्या तारखेला मला मिळाली पाहिजेत, ढोलकी मागे पडो की पुढे. त्यातल्या फार वाईट निघतील त्या कॅसेटी मी मुकाट्याने बदलून देत राहीन. तो माझा विभाग.

सुमनबाईंचा निरोप आला. फेब्रुवारीत असोद्याला ‘बोलायला’ येतो म्हणाल्या, ‘कुंकवाला’ म्हणाल्या नाहीत. तुझी टेप त्याआधी अक्काच्या हातात पडू दे.

भटूभाऊ


असोदा, १८ फेब्रुवारी १९९२

चि. भटू व चि. पंडित यांस,

अक्काचे पोटभर आशीर्वाद. तुम्ही दोघे आला नाहीत ते बरं केलंत, कारण दुपारपर्यंत समोर येईल त्याच्यावर मी ओरडत होते.

काल सुमनबाई आल्या. सोबत त्यांचे मालक चुडामणआबा, दोघी जावा आणि गाडीभर माणसं. बोलणं केळीवर झालं, कापसावर झालं, मुलाच्या बदलीवर झालं. मुद्द्याचं कोणी बोलेना. पोहे झाले, चहा झाला. मग सुमनबाईच म्हणाल्या, “ते गाणं लावा. मला तुमच्या घरात बसून ऐकायचं आहे.” दाजी माझ्याकडे बघायला लागले. उज्ज्वला उठली, माळ्यावरून यंत्र काढलं, त्यावरचं कापड सोडलं आणि पंडितची नवी कॅसेट घातली. मी मात्र खाली बघत बसले.

ढोलकी सुरू झाली. बरी वाजली रे पंडित, मागे-पुढे काही कळलं नाही. माझा श्वास आला. मग ती तुझी टाळी, आणि मोकळी जागा. अंगणात बायका गच्च बसलेल्या, पण कोणाच्या तोंडून शब्द नाही. नुसती ढोलकी चाललेली, आणि पाठोपाठ माझाच आवाज याहीन आणि तिचे दोन लाडू सांगतोय. मला वाटलं, आता या उठतात.

दुसऱ्यांदा ती जागा आली तशा सुमनबाई पदर खोचून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बोट करून मोठ्याने म्हणाल्या, “असोदानी!”

पुढचं मीच टेपमधून म्हणत होते, याहीन, लाडू खास दोन. माझ्याच आवाजात, माझ्याच अंगणात, मला. आधी त्यांच्या जावा हसल्या, मग आमच्या शेजारणी, मग दाजी. त्यांना मी ते अजून माफ केलेलं नाही. तिसऱ्यांदा मी उभी राहिले आणि अमळनेर म्हटलं. चौथ्यांदा दोघी एकदम ओरडलो, त्यामुळे कोणतंच गाव धड ऐकू आलं नाही. टेप मागे नेऊन परत लावली. तुझ्या वहिनीला सांग, भटू, गुडघा माझाही दुखतो, पण काल कळला नाही.

कुंकू तिथंच लागलं. लग्न आखाजीला. ती कॅसेट सुमनबाई घेऊन गेल्या. पाणवठ्यावरच्या त्या बाईचं माहेर कुठलं आहे ते त्यांना ठाऊक आहे म्हणाल्या. तेव्हा दुसरी लवकर धाडा. लवकर म्हणजे भटूच्या हिशेबाने.

जेवायला कधी येता ते कळवा. लाडू ठेवले आहेत, प्रत्येकी दोन.

तुमची,
पुष्पाअक्का