ओरेस्तच्या नावावरची नोंद

सास्काटून,
बुधवार, १७ जानेवारी

प्रिय ओरेस्त,

चौदा वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, त्यामुळे हे जाड पाकीट बघून तुझ्या छातीत धस्स होईल. घाबरलेली खरं तर मी आहे. सकाळपासून तीन कागद फाडले. माझी मुलगी टेसा आता चौदाची होईल. शाळेच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, संघात आहे, माझ्यापेक्षा उंच. तुझ्या मधमाश्या या हिवाळ्यात तगल्या का? यॉर्कटनच्या बाजारात तुझा मध मिळतो असं ऐकलं होतं. एकदा येऊन घ्यावा असं दरवर्षी वाटायचं, आणि दरवर्षी धीर व्हायचा नाही.

कंपनी अजून टायरच्या दुकानावर त्याच जागेत आहे. साहेब नवा, कॉलिन, एकतीस वर्षांचा. इमारती गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या प्रोग्राममध्ये कोणी, कधी, काय आणि का बदललं याची आपली जुनी नोंदवही जुन्या मशीनवरून नव्या व्यवस्थेत हलवायचं काम त्याने मला दिलं. सोबत नवे नियम: प्रत्येक नोंद एका ओळीची, सुरुवातीला प्रकार लिहायचा – दुरुस्ती, भर किंवा आवराआवर – आणि विनोद अजिबात नको. अकरा हजार नोंदी, ओरेस्त, आणि त्यातल्या निम्म्या तुझ्या. ‘सेन्सर आज पुन्हा खोटं बोलला, त्याला समज दिली आहे.’ ‘हे का चालतं मला माहीत नाही. हात लावू नका, विशेषतः लोर्नाने.’ कॉलिन खो खो हसला. म्हणाला, “हा ओरेस्त कामाला होता की नाटक कंपनीत?” मी म्हटलं, “होता एक.” एवढंच म्हटलं.

मग तो जाता जाता म्हणाला, “जुन्या ‘आवराआवर’वाल्या नोंदी वेगळ्या ठेवू नकोस. आधीच्या नोंदीत मिसळून टाक. कोण वाचतंय?” मला ते ऐकवेना. का, ते जगात आपल्या दोघांनाच माहीत आहे.

तो नोव्हेंबरातला शुक्रवार. तू आईपाशी यॉर्कटनच्या हॉस्पिटलात होतास. माझं मशीन बंद पडलं होतं, म्हणून मी तुझ्या खुर्चीत बसले. सगळं तुझ्या नावानेच उघडं होतं. प्रोग्राममध्ये दोन ओळी लिहिल्या: बाहेरचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरने उणे चाळीसच्या खाली आकडा दाखवला तर वायर तुटली असं समजायचं आणि बर्नर बंद करायचा. नोंदवहीत लिहिलं, ‘किरकोळ आवराआवर’. कोणाला दाखवलं नाही, तपासलं नाही. इथेच जन्मलेली मी, आणि इथे खरोखरच उणे एक्केचाळीस होऊ शकतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. जानेवारीत ते झालं. वृद्धांच्या त्या इमारतीचा बॉयलर सात तास बंद होता. मिसेस बोद्रींना अंगावर तीन कोट चढवलेल्या अवस्थेत हॉस्पिटलात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनियाने त्या गेल्या.

चौकशीच्या बैठकीत त्या नोंदीचा छापील कागद टेबलावर फिरला. नाव तुझं होतं. तू वाचलास. इतके रटाळ शब्द तू जन्मात लिहिले नसतेस. मग तू माझ्याकडे पाहिलंस, माझ्या सातव्या महिन्याच्या पोटाकडे पाहिलंस, आणि मी टेबलाकडे. “मशीन माझं, नाव माझं. आणखी काय हवंय?” असं म्हणालास, आणि दुपारच्या आत खोकं उचलून निघालास. मी धावत गाडीपर्यंत आले, तर काच खाली करून म्हणालास, “घसरून पडशील, लोर्ना. आत जा.” मी आत गेले. इतकी वर्षं आतच बसून आहे.

सोमवारी मी हलवाहलवीची तिसरी चाचणी घेतली. ती तारीख शोधली. ‘आवराआवर’ नियमाप्रमाणे आधीच्या नोंदीत मिसळून गेली होती, आणि ती आधीची नोंदही तुझीच. म्हणजे माझ्या बदलाची तारीख-वेळ गेली, माझे शब्द गेले, आणि ठपका तेवढा तुझ्या नावावर पक्का झाला. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गुरुवारी जुनं मशीन पुसून कोरं करणार होते. आणि मला हायसं वाटलं, ओरेस्त. एक मिनिटभर खरंच हायसं वाटलं. मग त्याचीच अशी भीती वाटली की मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

काल दुपारी ती एक नोंद मी नियमातून वगळली आणि तिच्याखाली लिहिलं: ‘हा बदल लोर्ना फ्रीसेनने ओरेस्तच्या मशीनवरून केला. ओरेस्त त्या दिवशी गावात नव्हता.’ सगळी वही नव्या जागी चढवली आणि कॉलिनच्या खोलीत गेले. त्याने वाचलं. “लोर्ना, हे काढ. मी काही पाहिलेलं नाही.” मी म्हटलं, “सगळ्यांनी आपापल्या मशीनवर उतरवून घेतलंय. आता निघत नाही.” त्याने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, “कंपनीच्या वकिलाला सांगावं लागेल,” आणि माझं ऑफिसच्या दाराचं कार्ड मागून घेतलं. संध्याकाळी टेसाला सांगितलं. ती ताट तसंच ठेवून खोलीत गेली. अजून बोललेली नाही. मिसेस बोद्रींच्या मुलालाही पत्र लिहिलं आहे. ते आणि हे एकदमच टाकणार. पुढे काय होईल कळत नाही.

माफी मागायला हे लिहीत नाही. ती मागायचा हक्क माझा राहिलेला नाही. या आठवड्यात तुला वकिलाचा फोन येईल. ‘लोर्नाला भास होतायत, तो बदल माझाच होता,’ असं तू सरळ सांगून मोकळा होशील, आणि त्यांनाही तेच ऐकायला आवडेल. मला मोह होईल, फार होईल, म्हणून आधीच लिहून ठेवते. ओरेस्त, या वेळी मला वाचवू नकोस. त्यांना खरं सांग.

तुझीच,
लोर्ना