नुमिडियाच्या शिलालेखातली तिसरी रेघ

१२ जानेवारी, सोमवार
ती रेघ नाही. चार वेळा पाहिलं.
माझे मार्गदर्शक हेन्क सरांनी वीस वर्षांपूर्वी अल्जीरियात, म्हणजे जुन्या नुमिडियात, त्या दगडावर ओला कागद थापून ठसा घेतला होता. आज फरीदाने तो तिरक्या उजेडात ठेवून फोटो काढले. तिसऱ्या ओळीत राजाच्या नावानंतर सरांनी तीन रेघा वाचल्यात. म्हणजे ‘भाऊ’. दोनच असतील तर ‘मुलगा’. तिसरी खाली उतरत थेट पुढच्या ओळीत घुसते. अक्षर असं उतरत नाही. दगडाची चीर उतरते.
माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या रेघेवर उभं आहे. सरांचं तर अख्खं आयुष्य.

१३ जानेवारी, मंगळवार
फरीदाने उजेडाची बाजू बदलून पुन्हा काढले. तेच.
ती आमच्या विभागाची फोटोग्राफर. जन्म इथलाच, ब्रेडा शहरातला, आईवडील मोरोक्कोच्या रिफ डोंगरातले. घरी बर्बर भाषा बोलतात, ती ‘अमाझिग’ म्हणते. दगडावरचा राजासाठीचा शब्द तिच्या आजीच्या गोष्टींत अजून आहे, उच्चार थोडा निराळा. पहिल्यांदा तो वाचून दाखवला तेव्हा ती रडली होती.
आज म्हणाली, “सरांना तूच सांग. मी फक्त फोटो काढते.”

१५ जानेवारी, गुरुवार
नवऱ्याला, प्रशांतला सांगितलं. स्टेशनवरून सायकली हातात धरून चालत येताना, म्हणजे आमची लेक माही ऐकणार नाही.
माझं कंत्राट मार्चअखेर संपतंय. पुढची दोन वर्षांची जागा सर देणार, ३ फेब्रुवारीला सही. इथे राहायचा परवाना माझ्या नोकरीवर, प्र.चा माझ्यावर. पुण्यातली चांगली नोकरी सोडून आला तो.
“सही होईपर्यंत गप्प बस. ते राजे दोन हजार वर्षं थांबलेत, अजून तीन आठवडे थांबतील.”
चूक नाही म्हणाला. त्याचाच राग आला.

१९ जानेवारी, सोमवार
सरांकडे गेले होते. सांगायचं ठरवून.
ते खुशीत. १३ फेब्रुवारीला निवृत्तीनिमित्त निरोपाचं व्याख्यान, विषय हाच दगड. मला पुन्हा सगळं समजावलं, जणू मी पहिल्या वर्षाची. गाइआ राजा मेला तेव्हा गादी त्याच्या मुलाला, मासिनिस्साला मिळाली नाही. गाइआच्या भावाला मिळाली, मग त्या भावाच्या मुलाला. मासिनिस्साला परत येऊन लढून घ्यावी लागली.
“घराण्यातला वडीलधारा पुरुष. मुलगा नव्हे. तोच नियम पुढेही टिकला, हे फक्त आपला दगड सांगतो. ठसा तपासलास ना?”
“हो.”
मी एवढंच बोलले. खोटं नव्हतं ते. जिन्यात येऊन बसले थोडा वेळ.
चार वर्षं झाली, सगळे त्यांना नुसतं हेन्क म्हणतात. माझ्या तोंडून निघत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार
प्रकरण लिहिणं बंद. जेवताना माहीने विचारलं, तुझ्या राजांचं आज काय झालं. सांगितलं. मिसिप्सा राजाचे दोन मुलगे आणि दत्तक घेतलेला पुतण्या जुगुर्था, राज्य तिघांना मिळून. जुगुर्थाने एकाला मारलं, दुसऱ्याला किर्ता शहरात कोंडलं. जीव वाचेल म्हणून त्याने शरणागती पत्करली, तर त्यालाही मारलं.
माही डचमध्ये म्हणाली, मग त्याने दार उघडलंच का?
“आतल्याच लोकांनी सांगितलं. काही होणार नाही म्हणाले.”
प्र. उठला आणि ताटं गोळा करायला लागला. माझं संपलं नव्हतं.

२७ जानेवारी, मंगळवार
फरीदा कॉफी मशीनपाशी.
“सांगितलंस?”
“नाही.”
“व्याख्यानाला माझे वडील येणारेत. तीस वर्षं ट्रक चालवला त्यांनी. आमच्या राजांबद्दल इथे कोणी मोठ्या सभागृहात बोलणार म्हणून कोट धुवायला टाकलाय.” कप हातात तसाच. “त्यांना चीर वाचून दाखवू नका.”


२८ जानेवारी, बुधवार
सांगितलं.
फोटो टेबलावर ठेवले, बोट ठेवून दाखवलं. आवाज नीट निघाला. सरांनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. मग,
“कोणाकोणाला माहीत आहे?”
“फरीदाला. माझ्या नवऱ्याला.”
“व्याख्यानानंतर बघू.”
“सर, माझं प्रकरण मंगळवारी द्यायचंय.”
“मग जसं आहे तसं दे.”
मी म्हणाले, तसं देता येणार नाही. त्यांनी फोटो उलटे करून माझ्याकडे सरकवले. चार वर्षांत एकदाही माझ्याशी असं वागले नव्हते.

३० जानेवारी, शुक्रवार
ऑफिसचा मेल. मंगळवारची सही पुढे ढकलली. कारण नाही, नवी तारीख नाही.
प्र.ने दोनदा वाचला. “मी सांगितलं होतं” असं म्हणाला नाही. लॅपटॉप उघडून नागपूर-पुण्याच्या नोकऱ्या बघत बसला. ते जास्त लागलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
प्रकरण पाठवलं. दोन रेघांचं. ‘हा लेख वारसाहक्काचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.’ खाली तळटीप, सरांचं नाव आणि ठसा त्यांनी घेतल्याबद्दल आभार. आभार खरे आहेत.
पाठवण्याआधी प्र.ला वाचायला दिलं. त्याने एक स्पेलिंग सुधारलं आणि पाठवण्याचं बटण स्वतः दाबलं. मग हात धुवायला गेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सर फोटोच्या खोलीत आले. फरीदा आणि मी दोघीच होतो. माझ्याकडे पाहिलं नाही. तिला म्हणाले, “दिवा डावीकडे घे. आता खाली. आणखी खाली.” तासभर चाललं. मी भिंतीशी उभी.
शेवटी त्यांनी ओळ मोठ्याने वाचली, आधी भाऊ, मग मुलगा. दुसऱ्यांदा वाचताना अडखळले.
“वीस वर्षं मी त्या राजाला बापापासून तोडून ठेवलं,” म्हणाले. फरीदाकडे वळून, “तुझे वडील येतायत ना?”
“येतायत.”
मान हलवली आणि गेले. व्याख्यानात काय वाचणार, सांगितलं नाही. जागेबद्दल अवाक्षर नाही. मेलही नाही.
घरी प्र.ला सगळं सांगितलं. तो भाजी चिरत होता.
“मग गादी मुलाला मिळाली?”
“माहीत नाही. मुलगा होता, एवढंच दिसतंय.”
त्याने सुरी खाली ठेवली. “व्याख्यानाला आठ दिवस आहेत,” म्हणाला.